विचारा तर खरं : लढाई सीमेवर, स्काऊट गावात

मागच्या अंकात मी सहज एक वाक्य टाकलं होतं, की लढाईच्या काळात स्काऊटच्या पोरापोरींनी घरची आघाडी सांभाळायला भरपूर हात लावलाय, आणि विषय तिथंच सोडून पुढं गेलो. तुम्ही मात्र सोडला नाहीत. दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत इतके मेसेज आले की या वेळी आंब्याच्या मोहोराचे आणि सातबाऱ्याचे प्रश्न बाजूला ठेवलेत, त्या मंडळींनी रागावू नये, पुढच्या अंकात नक्की घेतो. मी स्वतः शाळेत स्काऊट होतो, नंतर मास्तर झाल्यावर स्काऊटचं पथक गळ्यात पडलं ते रिटायर होईपर्यंत, त्यामुळे उत्तरं थोडी लांबलीत, सांभाळून घ्या.

दापोलीहून एक आई लिहितात : ७ मे २०२५ ला देशभर हवाई हल्ल्याचं मॉक ड्रिल झालं तेव्हा यादीत रत्नागिरी, सिंधुदुर्ग पण होते. माझा मुलगा सातवीत, स्काऊटमध्ये आहे, शाळेला सुट्टी होती तरी हा सकाळी स्कार्फ घालून तयार, मी काय करू म्हणून दिवसभर मागं लागला. मला काहीच सांगता आलं नाही. खरंच युद्ध झालं तर स्काऊट करतात तरी काय? बंदूक तर देत नाहीत ना?

नाही हो ताई, बंदूक नाही. स्काऊटचं युद्धातलं काम एका वाक्यात सांगायचं तर मोठ्या माणसाला मोकळं करणं. जे काम पोरगं करू शकतं त्यात मोठा माणूस कशाला अडकवा, एवढा साधा हिशोब आहे, आणि तो स्काऊटच्या जन्माच्याही आधीचा आहे. १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत माफेकिंग नावाच्या छोट्या गावाला बोअर (तिथं स्थायिक झालेले डच वंशाचे शेतकरी) सैन्यानं वेढा घातला, २१७ दिवस तो चालला, आणि आत अडकलेल्या इंग्रज फौजेचा प्रमुख होता बेडन-पॉवेल, पुढं स्काऊट काढलं तोच. माणसं कमी, म्हणून गावातल्या पोरांची एक तुकडी केली, निरोप पोचवायचे, पहाऱ्यावर बसायचं, दवाखान्यात मदत करायची. आधी गाढवावरून जायची म्हणे, मग खायला काही उरलं नाही तेव्हा जनावरं पोटात गेली आणि पोरं सायकलवर आली. त्या पोरांच्या म्होरक्याचा सायकलवरचा फोटो वेढ्याच्या काळातल्या पोस्टाच्या तिकिटावर छापला होता. हे सगळं बेडन-पॉवेलच्या डोक्यात राहिलं, १९०७ मध्ये त्यानं इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर पहिला कॅम्प घेतला आणि पुढची गोष्ट तुमच्या मुलाला पाठ असेल, 'प्रवेश' या स्काऊटच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेला विचारतात.

पण खरी कसोटी लागली ऑगस्ट १९१४ मध्ये. ब्रिटन पहिल्या महायुद्धात उतरलं ४ ऑगस्टला आणि त्याच आठवड्यात स्काऊटची पोरं रेल्वेच्या पुलांवर, टेलिग्राफच्या तारांखाली, शहराला पाणी पुरवणाऱ्या तलावांवर पहाऱ्याला उभी राहिली. सरकारनं त्यांच्या ड्रेसला मान्यता दिली ती सुद्धा कशी बघा, लोकसेवा करणारी पण लष्करी नसलेली संघटना म्हणून. 'लष्करी नसलेली' हा शब्द महत्त्वाचा आहे, तो मुलाला सांगा. २८ दिवस, रोज निदान तीन तास काम केलं की युद्धसेवेचा बिल्ला मिळायचा. आणि काम कसलं, तर निरोप्याचं, हॉस्पिटलात जेवणाचे ट्रे उचलायचं, शेतात कापणीचं. १९१८ मध्ये तर जवसाचं पीक उपटायला स्काऊटचे कॅम्प लागले होते, कारण तेव्हाच्या विमानाच्या पंखांवर कापड ताणून बसवायचे आणि ते कापड जवसाच्या झाडाच्या धाग्याचं, लिननचं. आपण जवसाची चटणी खातो, तेच झाड.

१९१७ मध्ये लंडनवर विमानांचे हल्ले वाढले तेव्हा हल्ला संपला हे लोकांना कसं कळवायचं हा प्रश्न आला. सायरनचं जाळं नव्हतं. मग स्काऊट बिगूल घेऊन सायकलवरून, पोलिसांच्या गाडीतून गल्लोगल्ली फिरायचे आणि 'ऑल क्लिअर' वाजवायचे. रात्री अकरा-बाराला तळघरात बसलेल्या माणसाला तेरा वर्षाच्या पोराचा तो बेसूर बिगूल किती गोड लागला असेल याची कल्पना करा.

तर मुलाला सांगा, ड्रिलच्या दिवशी शेजारच्या आजींना सायरन ऐकू आला का ते बघून यायचं. ऐकू येत नसेल तर हात धरून आत न्यायचं. वरखाली होणारा सूर म्हणजे धोका, एकसारखा लांब सूर म्हणजे धोका टळला, एवढं त्याला आणि आजींना दोघांना पाठ असलं तरी पुष्कळ झालं.

मालवणहून कॉलेजातला एक वाचक : सर आमच्या घरात तीन पिढ्या मासेमारी आहे. सी स्काऊट असा प्रकार असतो हे यूट्यूबवर कळलं. ते खरंच समुद्रात जायचे की नुसते पांढरे कपडे घालून परेडला उभे?

अरे जायचे, पण त्याआधी किनाऱ्यावरच्या कामाचं सांगतो, कारण ते तुझ्या घरच्यांना जास्त पटेल. १९१४ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्यावर जे कोस्टगार्ड होते ते बहुतेक नेव्हीचे राखीव लोक. लढाई सुरू झाली आणि ते सगळे जहाजांवर गेले. किनारा रिकामा. तिथं स्काऊट आणि सी स्काऊट बसवले, युद्ध संपेपर्यंत वीस हजारांहून जास्त पोरांनी आळीपाळीनं ही राखण केली. काम काय, तर कड्यावरच्या झोपडीत दुर्बीण घेऊन बसायचं, कुठलं जहाज कुठल्या दिशेनं गेलं, किती वाजता, ते वहीत लिहायचं, विमान किंवा झेपेलिन (जर्मनांचं गॅसच्या फुग्यासारखं अवाढव्य हवाई जहाज) दिसलं तर टेलिफोन करायचा, रात्री कुणी किनाऱ्यावरून समुद्राकडे दिवा दाखवतंय का ते बघायचं, धुक्यात भरकटलेल्या जहाजाला सावध करायचं. आणि स्वयंपाक आपला आपण. थंडी, वारा, पाऊस, आणि दिवसचे दिवस काहीच घडत नाही, हा त्यातला सगळ्यात अवघड भाग. काही घडत नसताना वही इमानदारीनं भरणं मोठ्या माणसाला जमत नाही.

आपल्याकडे याचं महत्त्व कळायला किंमत मोजावी लागली. १९९३ ला श्रीवर्धनजवळ शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरलं, २००८ ला कुबेर नावाची बोट पळवून अतिरेकी मुंबईत आले, आणि मग सगळ्यांना आठवलं की किनाऱ्यावर परका माणूस, परकी होडी पहिल्यांदा दिसते ती मच्छीमाराला. आता आपल्या गावागावात सागर रक्षक दलाची मुलं आहेत, तुझे कुणी भाऊ-काका असतीलही त्यात. काम तेच आहे, बघायचं, लिहायचं, कळवायचं.

आता समुद्रात जायचं. दुसऱ्या महायुद्धात, मे-जून १९४० मध्ये, फ्रान्सच्या डंकर्कच्या पुळणीवर जर्मनांच्या वेढ्यात ब्रिटन आणि दोस्तांचे तीन लाखांहून जास्त सैनिक अडकले, मोठी जहाजं उथळ पाण्यात येईनात, मग इंग्लंडमधून छोट्या खासगी बोटी गेल्या. आपल्याकडे मोठी बोट बंदरात बाहेर उभी आणि पडाव जाऊन उतारू आणतो, तसंच समज. मॉर्टलेकच्या सी स्काऊटची 'मिनोटॉर' नावाची बोट यात होती. आणि दुसरी गोष्ट 'सनडाउनर'ची. मालक लाइटोलर, वय ६६, हा टायटॅनिकवरचा दुसरा अधिकारी, त्या रात्री वाचलेल्यांपैकी. नेव्हीनं बोट मागितली तर म्हणाला देतो, पण चालवणार मी. सोबत घेतलं कुणाला, तर आपला मुलगा आणि १८ वर्षांचा एक सी स्काऊट. जेमतेम साठ फुटाची बोट, तिच्यात पूर्वी कधी एकवीसपेक्षा जास्त माणसं बसली नव्हती, आणि ही तिघं सुमारे १३० सैनिक भरून रॅम्सगेटला परत आली, वरून विमानं गोळ्या झाडतायत. तू बोटीवर वाढलायस म्हणून तुला कळेल, एवढी माणसं भरल्यावर बोट कशी डुलते आणि कुणी एका बाजूला सरकलं की काय होतं. लाइटोलरनं माणसं बसवली नाहीत, आधी खाली केबिनमध्ये झोपवली, बाथरूममध्ये कोंबली, आणि मग डेक भरला. वजन खाली, हे तुझे आजोबा पण सांगतील.

गुहागरहून एक आजोबा : १९७१ चा ब्लॅकआऊट मला लख्ख आठवतो, काचांना काळे कागद लावले होते, एसटीच्या दिव्यांना अर्धा काळा रंग. तेव्हा स्काऊट होते का कुठे? मला तर होमगार्डच आठवतात.

काका होते, मी होतो ना त्यात. होमगार्ड पुढं आणि आम्ही मागं, म्हणून तुम्हाला ते आठवतात.

मी तेव्हा आठवीत, गाव देवगडच्या बाजूला, सिंधुदुर्ग जिल्हा झालाच नव्हता, तो १९८१ ला झाला, त्यामुळे आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातच. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी लढाई सुरू झाली आणि १६ ला संपली, जेमतेम दोन आठवडे, पण त्या दोन आठवड्यात आम्ही पोरं जी काय मोठी झालो म्हणून सांगू. आमच्या वाडीत वीज आलेली नव्हती, त्यामुळे काळोख करा असं सरकारनं सांगितलं तेव्हा मोठी माणसं हसली, करायचा काय, आहेच की. पण घराघरात कंदील, चिमण्या, रॉकेलचे दिवे असायचे, आणि समुद्रावरून बघितलं तर काळोख्या रात्री एक कंदीलही लांबून दिसतो, खलाशाला विचारा. आमच्या सरांनी आम्हा स्काऊटना चार-चारच्या टोळ्या करून वाड्या वाटून दिल्या. सूर्य बुडाला की फिरायचं, उजेड दिसला तर शिट्टी मारायची, घरात जाऊन नीट सांगायचं, उलट बोलायचं नाही. शाळेची घंटा हाच आमचा सायरन, आणि ती घंटा म्हणजे झाडाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. दक्षिण कोकणात तेव्हा रेल्वेचा पत्ता नाही, आमच्यातल्या निम्म्या पोरांनी रेल्वे बघितलेली नाही, पण रूळ मात्र रोज ऐकत होतो. मुंबईहून कुणीतरी चाकरमान्यानं शाळेला आणून दिला होता.

तिसऱ्या की चौथ्या रात्रीची गोष्ट. खालच्या वाडीत एका अंगणात उजेड. शिट्टी मारली, उपयोग नाही. आत गेलो तर तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात पणती, आणि पुढ्यात म्हातारी बसलेली. मी ऐटीत म्हटलं, आजी दिवा मालवा, विमान येईल. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुळशीफुडलो दिवो कोण मालवता रे? माजो दिवो बघून येतले तर येवंदेत, च्याय पियाक." आता काय करता. उलट बोलायचं नाही हा हुकूम, आणि दिवा तर तसाच. आमच्यातला एक जण रोवळी घेऊन आला, तांदूळ धुवायची बांबूची, ती पालथी घातली तर भोकाभोकातून उजेड अंगणभर ठिपक्यांनी पसरला, आधीपेक्षा जास्त छान दिसायला लागला. शेवटी परसात मंगलोरी कौलांची चळत होती त्यातलं एक कौल आणलं आणि कोनाड्याच्या तोंडाशी तिरकं लावलं. पणती चालू, उजेड फक्त खाली वृंदावनाच्या पायरीवर. पाणंदीत जाऊन बघितलं, दिसेना. म्हातारी खूश, तिनं आम्हाला चौघांना खोबऱ्याचा एकेक तुकडा दिला.

मी सरांना भीत भीत सांगितलं की दिवा मालवला नाही, झाकला. ते म्हणाले अरे ब्लॅकआऊट म्हणजे तेच. उजेड वर आणि समुद्राकडे जायला नको, घरात असला तर असो. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या वाडीत आम्ही कौलं लावत फिरलो, तुळशीचा एकही दिवा विझला नाही.

तुमच्या त्या काळ्या कागदावरून आठवलं, पोस्टाच्या पाकिटांवर तेव्हा पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं, शरणार्थी मदतीसाठी, १५ नोव्हेंबर १९७१ पासून. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या लोकांसाठी होतं ते. वाडीतल्या बायकांना त्याचा राग यायचा, मुंबईला पत्र धाडायचं तर वर पाच पैसे आणि. ती तिकिटं नीट लावून पत्रं पेटीत टाकायचं काम पण आमच्याकडे होतं, कारण तिकीट नसेल तर पत्र अडकायचं आणि मग नवरा मुंबईत आणि बायको इथं, दोघं एकमेकांवर रागावून बसलेली.

कुडाळहून नववीतली एक गाईड (मुलींच्या स्काऊटला गाईड म्हणतात) : सर सगळीकडे मुलांचंच लिहितात. मुली काय घरी बसून होत्या का?

बाळा तुझा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, कारण यातली सगळ्यात भारी गोष्ट मुलींचीच आहे. ब्रिटनच्या गुप्तहेर खात्यानं, एमआय फाइव्हनं, पहिल्या महायुद्धात ऑफिसातल्या ऑफिसात गुप्त कागद इकडून तिकडे न्यायला आधी बॉय स्काऊट ठेवले होते. पण दोन निरोपांच्या मध्ये जो रिकामा वेळ असतो ना, त्यात पोरं दंगा करायची, आणि बडबडायची. मग १९१५ मध्ये त्यांना काढलं आणि गर्ल गाईड आणल्या. चौदा ते सोळा वर्षांच्या मुली, आठवड्याला दहा शिलिंग पगार आणि जेवण, आणि कागद वाचणार नाही अशी शपथ. म्हणजे देशाची गुपितं कुणाच्या हातात द्यायची तर मुलींच्या, हे गुप्तहेरांनी ठरवलेलं आहे, मी नाही. तुमच्या वर्गातल्या मुलांना हे जरूर वाचून दाखव. माझ्या तीस वर्षांच्या मास्तरकीचा अनुभवही वेगळा नाही, पण तो मी इथं लिहीत नाही, बरेच माजी विद्यार्थी हा अंक वाचतात.

आपल्याकडे गाईडची सुरुवात १९११ मध्ये जबलपूरला झाली, तेव्हा फक्त गोऱ्या मुलींसाठी. हा फक्त गोऱ्यांसाठीचा मुद्दा खाली पुन्हा येतोय, तो पण वाच.

वेंगुर्ल्याहून : आमच्या शाळेत स्काऊटची मुलं प्लास्टिकच्या बाटल्या गोळा करतात, फोटो काढतात, संपलं. युद्धात पण भंगार गोळा करायचे म्हणे, त्याचा खरंच उपयोग व्हायचा की तेही फोटोपुरतं?

प्रश्न तिखट आहे पण रास्त आहे. थोडं फोटोपुरतं होतं, खरं सांगायचं तर. १९४० च्या जुलैत ब्रिटनमध्ये मंत्र्यांनी हाक दिली, बायांनो ॲल्युमिनियमची पातेली द्या, त्याची विमानं करू, आणि ढिगानं पातेली जमली. पण घरच्या पातेल्याचं ॲल्युमिनियम विमानाच्या दर्जाचं नसतं, त्यामुळे स्वयंपाकघरातून थेट आकाशात असं फारसं झालं नाही. लोकांना आपणही काहीतरी देतोय असं वाटलं, तो त्याचा उपयोग. रद्दीचं मात्र तसं नाही. कागदाचा लगदा जहाजानं बाहेरून यायचा, जहाजं पाणबुड्या बुडवत होत्या, त्यामुळे रद्दीचा एकेक गठ्ठा कामाचा. स्काऊटची दोन चाकांची हातगाडी असायची कॅम्पचं सामान वाहायला, ती घेऊन पोरं दारोदार फिरायची.

पण मला सगळ्यात आवडती गोष्ट अमेरिकेतली आहे आणि ती तुम्हाला वेंगुर्ल्यात बसून चटकन समजेल. समुद्रात पडलेल्या माणसाला तरंगत ठेवणारं लाइफ जॅकेट भरायला तेव्हा सावरीचा कापूस वापरायचे, आपण उशीत भरतो तसलाच, कारण तो भिजत नाही. तो यायचा जावा बेटावरून. १९४२ मध्ये जपाननं जावा घेतलं आणि कापूस बंद. आता जॅकेटात भरायचं काय? तर रानात रुईच्या जातीचं एक झाड उगवतं, मिल्कवीड, तोडलं की दूध येतं, शेंग फुटली की आतून रेशमासारखी म्हातारी उडते. तुम्ही-आम्ही लहानपणी फुंकर मारून उडवायचो तीच. ही म्हातारी पण भिजत नाही आणि तरंगते. मग अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना आणि स्काऊटना रानात सोडलं, शेंगा फुटायच्या आत तोडायच्या, कांद्याच्या जाळीदार पोत्यात भरायच्या आणि पोती कुंपणावर वाळत टाकायची. दोन पोती शेंगा म्हणजे एक जॅकेट. दोन पोत्यांत एक जीव, अशी घोषणाच होती. पोती मिशिगन राज्यातल्या पेटोस्की गावी कारखान्यात जायची.

आता बघा, हे काम मोठ्या माणसाकडून झालं असतं? रानात कुठल्या बांधाला कसलं झाड आहे हे पोरांनाच माहीत असतं. करवंदाची जाळी पहिली कुठं पिकते ते तुम्हाला माहीत असतं की तुमच्या नातवाला?

बाटल्यांचं म्हणाल तर फोटो काढल्यावर त्या बाटल्या कुठं गेल्या ते मुलांना विचारायला लावा. माझ्या एका शाळेत (नाव सांगत नाही) गोळा केलेल्या बाटल्यांची पोती दोन वर्षं व्यायामशाळेत पडून होती, उंदरांनी तिथं बिऱ्हाड केलं. शेवटी भंगारवाल्याला मीच फोन केला.

सावंतवाडीहून : तुम्ही कौतुक करताय पण स्काऊट ही इंग्रजांची चळवळ. दोन्ही महायुद्धं इंग्रजांची. मग त्या काळी स्काऊट होणं म्हणजे साहेबाची हमाली नव्हे काय?

इंग्रजांची होती, नाकारत नाही. १९०९ मध्ये बंगलोरला पहिलं पथक निघालं ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी, आपल्या मुलांना प्रवेशच नव्हता. त्यावर आपल्या लोकांनी रडत न बसता स्वतःचं काढलं. १९१६ ला मद्रासला ॲनी बेझंटबाईंनी इंडियन बॉय स्काऊट काढलं, डोक्याला टोपीऐवजी फेटा. १९१८ ला अलाहाबादला मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांचं सेवा समिती स्काऊट. पुढं १९३७ ला बेडन-पॉवेल भारतात येऊन गेला आणि आपल्या लोकांच्या चारित्र्यावर जे काही बोलला त्यावरून असा भडका उडाला की १९३८ ला हिंदुस्तान स्काऊट वेगळं झालं. सगळे एकत्र आले ते ७ नोव्हेंबर १९५० ला, भारत स्काऊट्स, आणि गाईड त्यात मिळाल्या १५ ऑगस्ट १९५१ ला. म्हणजे वस्तू साहेबाची पण मूठ आपण आपली बसवली, कोयता कुणी पण घडवला तरी शेवटी हाताला बसला पाहिजे ना.

आणि घरची आघाडी कुणाची हा प्रश्न तुम्ही विचारताय तर थोडं कोकणाकडे बघू. मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. आपल्याकडे भात पिकतं पण वर्षभर पुरत नाही, निम्मी माणसं मुंबईच्या गिरणीत, त्यांचं पोट त्या आयात तांदळावर. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं. १४ एप्रिल १९४४ ला गोदीत 'फोर्ट स्टिकीन' बोटीवर दारूगोळ्याचा स्फोट झाला, तिच्यात कापूस, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा एकत्र भरल्या होत्या, कुणाच्या डोक्यातून हे निघालं देव जाणे, तिथं मेलेल्यांत आपले किती असतील. लढाई साहेबाची, पण रांगेत उभी राहिली आपली आजी. तिला पिशवी उचलून कुणी दिली तर ती साहेबाची हमाली नाही, माझ्या मते. तुमचं मत वेगळं असेल तर लिहा, छापू.

चिपळूणहून एक शिक्षिका : लहान मुलांना युद्धाच्या कामाला जुंपणं मला मुळातच पटत नाही. तुम्हाला कधी प्रश्न पडत नाही?

पडतो. जॅक कॉर्नवेल नावाचा मुलगा, स्काऊट होता, १६ वर्षांचा, ३१ मे १९१६ ला जटलंडच्या सागरी लढाईत तोफेपाशी एकटा उभा राहिला, बाकीचे पडले तरी हलला नाही, जखमांनी दोन दिवसांनी गेला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं सगळ्यात मोठं शौर्यपदक, मिळाला आणि स्काऊटमध्ये त्याच्या नावानं शौर्याचा बिल्ला निघाला. मी ही गोष्ट मुलांना सांगायचो आणि दर वेळी सांगून झाल्यावर मला स्वतःचाच राग यायचा, कारण समोरची पोरं डोळे मोठे करून बघायची आणि मला दिसायचं की त्यांना त्या जागी जायचंय. तो नेव्हीत होता, स्काऊट म्हणून गेला नव्हता, हे खरं, पण पोराला हा फरक काय कळणार. शेवटची काही वर्षं मी ती गोष्ट सोडून दिली.

त्याऐवजी वॉर्साची सांगायला लागलो. १९४४ च्या ऑगस्टमध्ये पोलंडच्या राजधानीत जर्मनांविरुद्ध उठाव झाला, ६३ दिवस चालला. तिथले स्काऊट भूमिगत होते आणि त्यांनी वयाप्रमाणे कामं वाटली होती, बारा ते चौदाच्या पोरांना लढायला पाठवायचं नाही असं ठरलेलं. ६ ऑगस्टला त्यांनी टपाल सुरू केलं. शहराचे तुकडे झालेले, आई एका भागात, मुलगा दुसऱ्या, जिवंत आहे की नाही कळायला मार्ग नाही. पोरं पत्रं घेऊन तळघरातून, गटारातून जायची. पत्र २५ शब्दांच्या आत, पैसे नाहीत, फार तर जखमींना वाचायला एखादं पुस्तक द्या म्हणायची. हे काम सुद्धा जिवावरचं होतं, त्यात पोरं मेली, ते मी लपवत नाही. ब्रिटनमधेही दुसऱ्या महायुद्धात बॉम्बनं टेलिफोनच्या तारा तुटल्या की सायकलवरची पोरंच निरोप नेत होती, आग लागलेल्या गल्लीतून. त्यामुळे बाई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. वर्गात एकदा मुलांना २५ शब्दांत घरी पत्र लिहायला सांगा, शहर पेटलंय असं समजून. माझ्या वर्गातल्या एकानं लिहिलं होतं, "आई मी बरा आहे, मोती कुत्र्याला बांधू नको." उरलेल्या शब्दांचं काय करायचं हे त्याला सुचलं नाही.

देवगडहून शेवटचा प्रश्न : आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक पितळी बिल्ला मिळाला, तीन पाकळ्यांचं फूल आहे, स्काऊटचा वाटतो. कधीचा असेल? सोबत फोटो पाठवलाय.

फोटो इतका हललाय की मला आधी ते कोळंबीचं डोकं वाटलं. पण ओळखायची खूण सांगतो. फुलाच्या दोन बाजूच्या पाकळ्यांवर एकेक चांदणी असेल, खाली वळलेली पट्टी असेल आणि पट्टीखाली बारीक गाठ लोंबत असेल, तर तो जुन्या इंग्रजी पद्धतीचा. ती गाठ म्हणजे रोज एक सत्कृत्य करायचं त्याची आठवण. मधोमध अशोकचक्र असेल तर भारत स्काऊट्सचा, म्हणजे १९५० नंतरचा. मागं पिन आहे की काजाला अडकवायचं बटण ते बघा आणि खिडकीत उजेडात ठेवून परत फोटो काढा. आणि तोवर कृपा करून चिंच किंवा ब्रासो लावून घासू नका, अक्षरं असली तर तीच पहिली जातात.